श्रावणातला बांगडा

"मग माझं नाव सांगायला तुमची जीभ का अडते, अप्पा?"

ओजसनं हे विचारलं तेव्हा अप्पा पडवीत श्रावणघेवडा निवडत बसले होते. मी समोरच्या खुर्चीत पेपर वाचत होतो, म्हणजे वाचायचं सोंग करत होतो.

अप्पांनी एक शेंग मोडली. तिचा दोर ओढून काढला.

"बोला ना काहीतरी."

"घेवडा जून आहे," अप्पा म्हणाले.

आता हे अप्पा कोण ते सांगायला हवं. हरेश्वर पागधरे, मूळचे सातपाटीचे. तरुणपणी बोटीवर खानसामा म्हणून गेले ते जपानात कोबेला उतरले, आणि तिथल्या एका सुशीच्या दुकानात अर्धं आयुष्य काढून परत आले. आंबटगोड भाताचा मुटका आणि वर कच्च्या माशाचा काप, एवढीच ती सुशी. एवढीशी गोष्ट शिकायला माणसाला अर्धं आयुष्य लागतं, हे मला त्यांच्या शेजारी राहायला येईपर्यंत कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

परत आले ते तळेगावात. तळेगाव म्हणजे पेन्शनरांचं गाव. संध्याकाळी रस्त्यावर कुत्रं दिसलं तरी त्याचं नाव आपल्याला ठाऊक असतं. पण आसपास कारखाने आले, कारखान्यांत जपानी इंजिनिअर आले, आणि अप्पांचं लहानसं दुकान त्यांच्या आधाराचं ठिकाण झालं.

गेल्या होळीच्या सुमारास अप्पांचा उजवा हात थरथरायला लागला. त्यांनी दुकान बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं. थरथरत्या हातानं मासा कापू नये, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं.

तेव्हापासून जपानी मंडळी पडवीत येऊन, कमरेत वाकून एकच प्रश्न विचारतात. आता आम्ही कुठे जेवायचं? त्यांच्यातले सगळ्यांत जुने मोरिता-सान. त्यांचे जपानातले साहेब आज तळेगावात यायचे होते. साहेबांना रात्री कुठे न्यायचं हे विचारायला मोरिता-सान दुपारी फोन करणार होते. आणि मोरिता-सान जिथे जातात तिथे मागून बाकीचे सगळे जातात, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

ओजसलाही ठाऊक होतं. म्हणून तर तो सकाळीच येऊन बसला होता.

हा ओजस टिपणीस आमच्याच गावचा. अप्पांच्या हाताखाली तयार झाला, मग दुबईला मोठ्या हॉटेलात गेला. आई इथे एकटी म्हणून परतला आणि स्टेशन रोडला 'मिनातो' नावाचं सुशीचं दुकान काढलं. काचेचं दार, लाकडाचा लांब ओटा, भिंतीवर लाटांचं चित्र. सगळं देखणं. गिऱ्हाईक तेवढं नाही.

"गणपतीपर्यंत बघणार," तो म्हणाला. "नाहीतर पुन्हा दुबई. आईला बरोबर नेता येत नाही आणि इथे ठेवून जायचं माझ्या जिवावर येतं. तुमच्या एका शब्दावर सगळं आहे, अप्पा. तुम्ही मोरितांना नुसतं म्हणा, ओजसकडे जा. खोटं काय आहे त्यात?"

अप्पांनी पुढची शेंग घेतली.

"माझ्यापेक्षा चांगला मासा आहे का इथे कुणाकडे? आजचा बांगडा बघाल तर... नॉर्वेहून गोठवून येतो. जपानातसुद्धा तोच खातात. मीठ मी लावलं, व्हिनेगरमध्ये मी बुडवला. तुम्ही शिकवलंत तसाच."

अप्पांनी टोपली बाजूला ठेवली.

"मास्तर," ते मला म्हणाले, "गाडी काढा. जेवून येऊ."

मी चित्रकलेचा मास्तर होतो, निवृत्त झालो तरी लोक अजून मास्तरच म्हणतात. गाडीही माझ्याइतकीच जुनी.

"माझा श्रावण आहे, अप्पा," मी म्हटलं.

"तुम्ही काकडी खा. मला बांगडा खायचाय."

अप्पा श्रावण पाळत नाहीत. समुद्र पाळतो तेवढा पुरे, असं म्हणतात. त्यांच्या सातपाटीला नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडल्याशिवाय होडी काढत नाहीत. पौर्णिमा अजून पुढे होती. म्हणजे बोटी किनाऱ्यावर, आणि म्हाताऱ्याला बांगडा हवा. मी गप्प गाडी काढली.

ओजसला वाटलं, आपल्याकडेच निघालो. तो पुढच्या सीटवर बसला.

"डावीकडे नाही," अप्पा मागून म्हणाले. "हायवेला."

हायवेच्या कोपऱ्यावर एक मोठं जपानी हॉटेल झालंय. दारात लाल कमान, आत कागदी कंदील, आणि एका कोपऱ्यात बारीक आवाजात हिंदी गाणी. नुकतंच उघडत होते. गल्ल्यावर मालक स्वतः उदबत्ती फिरवत होता.

"बांगडा आहे?" अप्पांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"आहे ना, काका. बसा."

"कुठला?"

"एकदम ताजा. पहाटे मुंबईहून गाडी आली. काल समुद्रात होता म्हणा ना."

अप्पांनी मान डोलावली. हात जोडले आणि माघारी वळले.

"अहो काका, भवानीची वेळ आहे," मालक मागून म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "पहिल्या गिऱ्हाईकाला आम्ही नाही म्हणत नाही. बसा तरी. पाणी तरी घ्या."

अप्पांनी पाणी घेतलं. उभ्यानं प्यायले, ग्लास स्वतः नेऊन ठेवला आणि बाहेर आले.

गाडीत ओजस पोट धरून हसत होता. "काल समुद्रात होता! बोटी सगळ्या वाळूत, आणि याचा बांगडा काय पोहत मुंबईला आला का? अप्पा, असल्या लोकांशी माझी बरोबरी करता तुम्ही?"

"मी कुठे केली?"

"मग आता तरी चला माझ्याकडे."

"तळ्यामागे," अप्पा मला म्हणाले.

तळ्यामागच्या गल्लीत विमल गराडे नावाच्या बाईंचं दुकान आहे. दुकान कसलं, घराची पुढची खोली. दोन टेबलं, खिडकीत कोरफडीची कुंडी. विमलबाई पूर्वी एका कंपनीच्या पाहुणेघरात स्वयंपाकाला होत्या, तिथे साहेबांच्या बायकोनं हाताला धरून शिकवलं. पाटीसुद्धा नाही. दाराला निळा पडदा तेवढा आहे.

"या अप्पा. बसा. मास्तर, तुम्हीपण या." ओजसला त्या ओळखत होत्या, पण काय म्हणावं ते त्यांना सुचलं नाही, म्हणून नुसत्या हसल्या.

अप्पा उभेच होते.

"बांगडा आहे?"

विमलबाईंनी पदराला हात पुसले. तोंड कसनुसं केलं.

"नाही हो अप्पा. भवानीलाच नाही म्हणते, मलाच कसंतरी होतंय. पण नाहीच आहे. पौर्णिमेनंतर बघू."

"मग काय आहे?"

"भात आहे. काकडी आहे. भोपळा आहे. अंडं आहे, पण ते आज जरा करपलंय. फोन आला नि लक्ष गेलं."

अप्पांनी खुर्ची ओढली आणि बसले.

ओजस माझ्या कानाशी आला. "भोपळा," तो म्हणाला. "मास्तर, हे एकादशीचं ताट आहे का सुशीचं?"

मला भूक लागली होती.

भोपळा म्हणजे दुधीच्या लांब पट्ट्या. उन्हाळ्यात पापडांबरोबर गच्चीवर वाळवलेल्या, आता भिजवून सोया आणि साखरेत शिजवलेल्या. त्या भाताच्या पोटात घालून वरून काळी शेवाळाची पट्टी गुंडाळलेली. भात मावळातलाच, इंद्रायणी. बोटांना धरून राहतो आणि तोंडात सुटतो. माझ्या श्रावणाला चाललं सगळं. मी पुन्हा मागून घेतलं, लाज वाटली नाही.

अप्पांनी करपलेलं अंडंही खाल्लं. काळा भाग काढून बाजूला ठेवला, बाकीचं खाल्लं.

"करपलंय," ते म्हणाले.

"म्हटलं ना मी," विमलबाई म्हणाल्या.

बस, एवढंच झालं त्यांचं बोलणं.

ओजसनं एक घास खाल्ला आणि बशी सरकवली. पण त्याचं लक्ष खाण्यात नव्हतंच. तो अप्पांकडे बघत होता, मग विमलबाईंकडे, मग पुन्हा अप्पांकडे. त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटत गेल्या. शाळेत गणित सुटलेल्या पोराचा चेहरा मी आयुष्यभर पाहिलाय. हा तोच चेहरा होता.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "कळलं मला, अप्पा."

"काय कळलं?"

"आता चला माझ्याकडे. तिथेच सांगतो."

"इतक्यात कळलं?" अप्पा खिडकीबाहेर बघत होते. "पी हळद नि हो गोरी."

'मिनातो'पाशी मी गाडी लावायला जागा शोधत होतो, तर ओजस म्हणाला, "तुम्ही या सावकाश, मी जरा पुढे होतो." आणि पळत गेला. कुलूप काढलं, दारावरची 'ओपन' अशी पाटी सुलट केली, दिवे लावले.

अप्पांना उतरायला वेळ लागतो. मी त्यांचा हात धरून उभा होतो. काचेच्या दारातून आतलं सगळं दिसत होतं.

ओट्यावर माशांची काचेची पेटी आहे, आतून गार असते. ओजसनं कपाटातून एक पांढरं फडकं काढलं. झटकून उलगडलं. आणि पेटीवर अंथरलं, चारी बाजूंनी नीट ओढून, लग्नात आहेराचं ताट झाकतात तसं.

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा पायरीकडे बघत होते. पायरी उंच आहे तिथली.

आत गेलो. ओजस एप्रन बांधून ओट्यामागे ताठ उभा होता. त्यानं दोन्ही हातांनी खुर्ची दाखवली. अप्पा उभेच राहिले.

"बांगडा आहे?"

ओजसनं खोल श्वास घेतला.

"नाही, अप्पा. आज दुकानाची भवानी तुमच्या हातची, तरी नाही म्हणतो. बोटी बंद आहेत. नारळी पौर्णिमा झाली की या."

स्वर अगदी विमलबाईंचा. फक्त त्यानं पदराला हात पुसले नाहीत, कारण पदर नव्हता. गुरूची विद्या गुरूलाच, असं माझ्या मनात आलं. मला वाटलं, अप्पा आता बसतील.

"भोपळा आहे?" अप्पांनी विचारलं.

"भोपळा... नाही. उद्यापासून ठेवतो."

"मग काय आहे?"

ओजसनं पेटीकडे पाहिलं. पेटी झाकलेली होती.

"भात आहे," तो म्हणाला.

अप्पा दोन पावलं पुढे आले. उजवा हात वर केला. तो थरथरत होता, रोजच्यापेक्षा जरा जास्तच. त्या हातानं त्यांनी फडक्याचा एक कोपरा धरला आणि उचलला.

आत बांगडे होते. ओळीनं मांडलेले, पाठ निळी, पोट चांदीचं. सकाळी पडवीत ज्यांचं एवढं कौतुक ऐकलं तेच. माझा श्रावण असूनही सांगतो, देखणे होते.

"हे कोण?" अप्पांनी विचारलं. "पाहुणे आहेत का?"

ओजसच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "गोठवलेले आहेत ते, अप्पा. ताजे नाहीत. मला वाटलं, तुम्हाला चालणार नाहीत."

"मला काय चालतं हे मी विचारलं का?"

"नाही."

"काप."

ओजसनं सुरी घेतली. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग मात्र त्याच्या हातात फरक पडला. त्यानं कातडीचा पातळ पापुद्रा एका ओढीत सोलला, माशावर तिरका काप घेतला, ओल्या बोटांत भाताचा गोळा वळला. मी चित्रं शिकवली आहेत. हाताला रेघ ठाऊक असली की लगेच कळतं. याच्या हाताला ठाऊक होती.

अप्पांनी मुटका बोटांनी उचलला, उलटा केला आणि तोंडात टाकला. डोळे मिटले.

"भात कोमट आहे," ते म्हणाले. "असाच हवा. मीठ बरोबर लागलंय. बांगडा चांगला आहे."

हे ऐकायला तो पोरगा किती वर्षं थांबला होता ते मला माहीत आहे. अप्पांच्या दुकानात असताना त्याला कधी ऐकायला मिळालं नव्हतं. दुबईला जायच्या आदल्या दिवशीसुद्धा नाही. माझ्याकडे येऊन रडला होता तेव्हा. आणि आज मिळालं ते असं, फडकं ओट्यावर पडलेलं असताना. मला त्याची दया आली आणि रागही आला. गाढवा, म्हणालो मी मनात, हा मासा तू झाकलास.

ओजसचे डोळे भरले होते. त्यानं ते लपवले नाहीत.

"त्या हायवेवाल्यानं आहे म्हटलं तर तुम्ही उठलात," तो म्हणाला. "बाईंनी नाही म्हटलं तर बसलात. मी नाही म्हटलं तर... मला समजत नाही, अप्पा. तुम्हाला नक्की काय हवं होतं?"

"बांगडा," अप्पा म्हणाले.

भिंतीवरच्या लाटांच्या चित्राखाली पाण्याचं यंत्र गुरगुरत होतं. ओजसनं फडकं उचललं आणि घडी घालायला लागला. घडी काही नीट बसेना. शेवटी ते त्यानं तसंच बोळा करून कोपऱ्यातल्या बादलीत टाकलं.

तेवढ्यात फोन वाजला.

अप्पांनी तो खिशातून काढून माझ्याकडे दिला. हात थरथरतो म्हणून त्यांना बटण सापडत नाही. मी बटण दाबून फोन त्यांच्या कानाला लावला. पलीकडून मोरिता-सानांचा आवाज आला, घाईचा आणि अदबीचा.

अप्पा जपानीत बोलले. मला त्यातलं काही कळत नाही. बोलताना ते थोडे वाकले, फोनवरसुद्धा वाकतात. मोजकंच बोलले. एकदा खिडकीकडे, तळ्याच्या दिशेनं हात केला. एकदा समोरच्या ओट्याकडे पाहिलं.

ओजसला जपानी येतं. तो ओट्यामागे सुरी पुसत होता. पुसता पुसता थांबला.

मी फोन बंद करून अप्पांच्या खिशात ठेवला. ओजसला विचारायचं धाडस मला झालं नाही, म्हणून अप्पांनाच विचारलं.

"काय सांगितलंत त्यांना?"

अप्पा दारापर्यंत गेले होते. दारावर 'ओपन'ची पाटी अजून हलत होती. त्यांनी ती बोटानं धरून स्थिर केली.

"म्हटलं, तळेगावात चांगल्या सुशीच्या जागा दोन आहेत. एक तळ्यामागे. दुसरी अजून उघडायची आहे."